नाक कुणावर गेलंय

आई सिडनीला येऊन गेली त्याला आता वर्ष होत आलं, पण तिचं एक वाक्य अजून चपलेत खडा गेल्यासारखं टोचतंय. भांडण वगैरे काही नाही हां. जुलै म्हणजे इकडे ऐन थंडी, आणि मी हौसेनं तिला ब्लू माउंटन्समधल्या माउंट टोमाच्या बोटॅनिक गार्डनला घेऊन गेले होते. सुती साडी, त्यावर माझ्या नवऱ्याचं पफर जॅकेट, कानाला मफलर, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज आणि हातात छत्री, पाऊस नव्हता तरी, कारण उतारावर टेकायला काहीतरी हवं. मी सकाळपासून गाइडच्या भूमिकेत. एका झाडापाशी थांबवलं आणि आदल्या रात्री वाचून ठेवलेलं सगळं धडाधडा ओकले, की हे बघ, हे वॉलेमाय पाइन, १९९४ पर्यंत माणसाला हे माहीतच नव्हतं, डायनासोरच्या काळातलं झाड आहे, जंगलात शंभर सुद्धा नाहीत मोठी झाडं, आणि ती कुठं आहेत ते सरकार कुणाला सांगत नाही. आईचं लक्ष नव्हतं. मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतात तशी तिनं एक फांदी हातात धरली, पानाच्या खालून अंगठा फिरवला, मग छत्रीच्या टोकानं झाडाखालचा पाचोळा जरासा उकरला, आणि म्हणाली, "हे आपल्या दारातल्या ख्रिसमस ट्रीच्या घरातलं दिसतंय गं."

मी फाडकन म्हणाले, "आई, प्लीज. हे जगात फक्त इथंच आहे. तुला ना, कुठंही नेलं तरी सांगलीच दिसते."

ती काही बोलली नाही. थर्मासमधला चहा काढला, मला दिला, स्वतः घेतला, आणि आम्ही पुढच्या झाडाकडे गेलो.

आता आईची ही सवय मी लहानपणापासून बघत आलेय. कुठल्याही लग्नात गेली की मांडवात बसल्या बसल्या तिचं हे काम सुरू. समोरून कोण चाललंय, चाल कुणाची, कपाळ कुणाचं, कानाची पाळी चिकटलेली आहे का लोंबती, आणि मग थेट हाक मारून "तू इचलकरंजीच्या शालूची धाकटी ना? नाक सांगतंय." दहातल्या आठ वेळा बरोबर. मुलगी पण चाट, तिची आई पण चाट. आम्हा बहिणींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि उरलेल्या दोन वेळा काय होतं तेही बघितलंय. मिरजेला एका मुंजीत तिनं एका बाईला अशीच पकडून, अगं तुझ्या आजोळची आम्ही माणसं, तुझी आजी आणि माझी आत्या सख्ख्या जावा, असा अर्धा तास धरून ठेवलं, ती बिचारी हो हो म्हणत राहिली, आणि शेवटी कळलं की ती व्हिडिओ शूटिंगवाल्याची बायको, मूळची नांदेडची, हात पुसायला टॉवेल शोधत आत आली होती. नाक मात्र खरंच तसंच होतं. ते मीही बघितलं.

तर आमच्या दारातला ख्रिसमस ट्री. विश्रामबागेत घर बांधलं तेव्हा बाबांनी नर्सरीतून आणून लावला, गुडघ्याएवढा होता म्हणे. दरवर्षी त्याला फांद्यांचा एकेक मजला फुटायचा, गोल, छत्रीच्या काड्यांसारखा. आम्ही कधी त्याला चांदण्या लावल्या नाहीत की कापूस चिकटवला नाही, पण नाव ख्रिसमस ट्रीच. दोन मजली घराच्या वर गेला तसा लक्षात आलं, की तो वाकडा चाललाय. दक्षिणेला. आता दक्षिण म्हटल्यावर काय, येणारा जाणारा सांगायला लागला, यमाची दिशा हो, बघा बुवा. दक्षिणेला शेजारच्या अण्णांची गच्ची, त्यामुळे दर पावसाळ्याच्या तोंडाला अण्णा दारात, "पडलं तर आमच्या टाकीवर पडणार." बाबांनी एकदा जाड तार आणून उत्तरेच्या खांबाला ताण दिला. दोन वर्षांनी तार सैल, खांब वाकला, झाड आहे तिथंच. आजी म्हणायची, असू दे रे, त्याला तिकडंच जायचंय. आणि झाडणं आईकडे. झाड बारा महिने हिरवंगार, सदाहरित म्हणतात ते, पण कचरा असा पाडायचं की विचारू नका. त्या कचऱ्याचं पुढे सांगते.

त्या दिवशी घरी आल्यावर रात्री झोप येईना म्हणून मी फोनवर वाचत बसले. आईला चूक ठरवायलाच, खोटं कशाला बोलू. आधी आपल्या झाडाचं नाव शोधलं. आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून जे बंगल्याबंगल्यात लावतात ते बरंचसं कुक पाइन, अरॉकेरिया कोलम्नॅरिस, मूळचं न्यू कॅलेडोनियाचं. ख्रिसमसशी संबंध नाही आणि पाइनशी पण नाही. १७७४ मध्ये कॅप्टन कुकचं जहाज त्या बेटांशी आलं तेव्हा लांबून किनाऱ्यावर उंच उंच सरळसोट काहीतरी दिसत होतं. बरोबरचे विद्वान लोक अडून बसले, की हे दगडाचे खांब आहेत, बेसाल्टचे. म्हणजे आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला दिसतात ना, तसे. कुक म्हणाला झाडं आहेत. पैजा लागल्या. जवळ गेल्यावर झाडंच निघाली, आणि कुकनं वहीत जरा चिमटा काढूनच लिहून ठेवलंय, की आमचे तत्त्वज्ञ सोडून बाकी सगळ्यांना पटलं होतं. हे वाचताना मला हसू आलं, आणि लगेच बाजूच्या खोलीतून आईचं घोरणं ऐकू आलं.

कोलम्नॅरिस म्हणजे खांबासारखं. त्या विद्वानांची चूकच नावात राहिल्यासारखी.

मग वॉलेमायची गोष्ट नीट वाचली. सप्टेंबर १९९४. डेव्हिड नोबल, नॅशनल पार्कमध्ये नोकरीला, सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांबरोबर दोर लावून दऱ्या उतरायचा छंद. सिडनीपासून साधारण १५० किलोमीटरवर वॉलेमाय नॅशनल पार्कमध्ये अशाच एका अरुंद दरीत उतरला, आणि समोर ४० मीटर उंचीपर्यंत गेलेली अनोळखी झाडं. त्याला झाडांची बऱ्यापैकी ओळख होती, आणि हे काही त्यात बसेना. त्यानं काय केलं, तर एक डहाळी खिशात घातली. बस. घरी आणून विन जोन्स नावाच्या निसर्गतज्ज्ञाला दाखवली, तर त्याला ते पान नेच्याचं वाटलं, विचारलं की नेचा आहे का झुडूप, आणि नोबल म्हणाला, अरे बाबा प्रचंड मोठं झाड आहे. तिथून पुढे जोन्स, माउंट टोमाच्या त्याच बागेतली जॅन ॲलन आणि सिडनीच्या बोटॅनिक गार्डनचा केन हिल, या तिघांनी १९९५ मध्ये रीतसर वर्णन छापलं. वॉलेमिया नोबिलिस. नोबलचं नाव पण आलं आणि उमदं असा अर्थ पण. वॉलेमाय हा तिथल्या मूळनिवासी लोकांचा शब्द, त्याचा अर्थ डोळे उघडे ठेवून आजूबाजूला बघ असा सांगतात.

मला या सगळ्यात त्या खिशातल्या डहाळीचंच फार वाटतं. ओळखीचं नाही, एवढंच त्याला कळलं होतं. आपल्याला सहसा उलटं होतं, की काहीतरी दिसलं की पटकन कुठल्या तरी खणात टाकून मोकळं व्हायचं. पानं चपटी, ओळीनं, नेचा असेल. टोकदार, उंच, ख्रिसमस ट्री असेल.

आता नवीन जात आहे हे ठरवायचं कसं, तर आधी आईसारखंच. बघून. पानं किती रांगांत लागलीत, कळीवर काय आहे, साल कशी आहे. वॉलेमायची साल म्हणजे एक गंमत आहे. इकडचे लोक म्हणतात उकळत्या चॉकलेटसारखी, आई म्हणाली होती, "गुऱ्हाळावर काकवी रटरटताना असे बुडबुडे येतात बघ." हिवाळ्यात वाढीच्या टोकावर पांढऱ्या मेणाचं टोपडं चढतं, ते तर आम्ही बघितलंच, आईनं नखानं जरा खरवडून पण बघितलं आणि मी इकडेतिकडे कुणी रागावतंय का ते. पण खरा निकाल लागतो तो शंकूत, बियांत आणि परागकणांत. पाइनच्या परागाला दोन हवेच्या पिशव्या असतात उडायला, याच्या परागाला नाहीत, गोल साधे. म्हणजे पाइनचं घर, शास्त्रातलं फॅमिली, बाद. शंकूच्या प्रत्येक खवल्यावर एकच बी, हे अरॉकेरियाच्या घराचं लक्षण. त्या घरात तोवर जिवंत दोनच वंश, म्हणजे जवळच्या जातींचे गट, माहीत होते, अरॉकेरिया आणि अगॅथिस. अरॉकेरियात बी खवल्यातच रुतून बसलेलं असतं. अगॅथिसमध्ये बी सुटं असतं आणि त्याला एका अंगाला पंख. आणि वॉलेमायचं? बी सुटं, पण पंख सगळीकडून, ताटलीला काठ असावा तसा. बाहेरून पानं आणि शंकूची लांब काटेरी टोकं अरॉकेरियासारखी, बी अगॅथिसच्या वळणाचं, आणि पूर्ण कुणासारखंच नाही. म्हणून नवीन जातच नाही, अख्खा नवीन वंश. पराग तर ऑस्ट्रेलियातल्या खडकांत आधीपासून सापडत होते, ९ कोटी वर्षांपर्यंत मागे, त्यांना डिलविनाइटीस असं नाव देऊन ठेवलेलं, फक्त ते कुणाचे ते माहीत नव्हतं. पराग आधी आणि झाड मागून. वरात दारात आणि नवरा कुठल्या गावचा ते माहीत नाही असा प्रकार.

माझी चहाची तलफ गेली ती इथं. अरॉकेरियाचं घर. आई "घरातलं" म्हणाली होती. शब्द पण तोच.

पण नाकावरून सगळं ठरवायचं तर मिरजेच्या मुंजीतली नांदेडची बाई पण आहे. आपण फड्या निवडुंगालाही निवडुंग म्हणतो आणि कुंपणाच्या त्या चीक येणाऱ्या तिधारीलाही, दोन्ही जाड, दोन्ही काटेरी, पण दोघांचं एकमेकांशी सोयरसुतक नाही. कोरड्यात राहून राहून दोघांनी तोच वेश घेतला एवढंच. म्हणून मग आत बघावं लागतं, डीएनएत. हे मला माझ्या परीनं असं समजलं, की पोथीच्या नकला कशा व्हायच्या. एकानं उतरवून घेतली, त्यात एक काना सुटला. त्या नकलेवरून पुढच्यानं घेतली, त्यात तो सुटलेला काना तसाच, वर एक नवीन चूक. आता दहा पोथ्या समोर ठेवल्या आणि कुठल्या चुका कुणाकुणात सारख्या आहेत ते बघितलं, की कुठली कुणावरून उतरली ते कळतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा पुढ्यात अशाच बिघडलेल्या प्रती असणार. फरक इतकाच, की तिथं चूक काढून टाकायची होती, आणि इथं चूक हाच पुरावा. झाडांच्या बाबतीत तेव्हा आरबीसीएल नावाचं एक जनुक वाचायचे, पानातल्या हरितलवकातलं, सूर्यप्रकाशावर अन्न करायच्या कामातलं. ते सगळ्या हिरव्या झाडांत असतं आणि फार हळू बदलतं, म्हणून लांबची नाती जुळवायला बरं.

आणि इथंही गंमत आहेच. नव्वदच्या दशकात एकाच जनुकावरून दोन अभ्यास झाले. एकात वॉलेमाय अगॅथिसची सख्खी बहीण निघाली, दुसऱ्यात या घरात सगळ्यात आधी वेगळी झालेली फांदी. अक्षरं तीच, वाचणारे वेगळे. पुढे जास्त जनुकं वाचली तसं पारडं अगॅथिसकडे झुकलं. म्हणजे आमच्या दारातलं झाड वॉलेमायचं सख्खं नाही, चुलत. आईला हे सांगितलं तर ती म्हणणार, चुलत म्हणजे घरातलंच की. आमच्यात चुलत म्हणायची पद्धतच नाही, सगळे दादा नि ताई.

एक गोष्ट वाचून मात्र पोटात कसंतरी झालं. २००३ मध्ये या झाडांचा आपापसातला फरक तपासलेला छापून आला. शेकडो ठिकाणी डीएनए ताडून बघितला, आणि एकाही ठिकाणी एका झाडात नि दुसऱ्यात फरक नाही. नंतर आणखी बारीक चाळण लावल्यावर किंचित सापडला, पण अगदीच किंचित. २०२३ मध्ये पूर्ण जीनोम, म्हणजे झाडाचा सगळाच्या सगळा डीएनए, वाचला, १,२२० कोटी अक्षरं, माणसाच्या चौपट, आणि एवढी मोठी पोथी असून प्रत्येकाजवळ जवळजवळ तीच प्रत. बुंध्यातूनच नवे कोंब फुटत फुटत झाड जगत राहतं, त्यामुळे एकेक झाड किती जुनं ते पण सांगता येत नाही. सगळे सारखे म्हणजे एकाला जे मारेल ते सगळ्यांना मारेल. फायटोप्थोरा म्हणून मुळं कुजवणारा एक रोग आहे, तो बुटाच्या तळव्याला लागलेल्या मातीतून जातो, आणि कुणी तरी चोरून त्या दरीत जाऊन तो नेलाही. म्हणून पत्ता गुप्त. मला आधी हे ऑस्ट्रेलियन लोकांचं जरा कौतुकाचं नाटक वाटायचं. आता वाटतं, दृष्ट लागू नये म्हणून आपण बाळाला आत ठेवतो ना, त्यातलाच प्रकार, फक्त इथं दृष्ट खरंच लागते.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये मी इथंच होते. दुपारी चारला सूर्य तांबडा, चहाच्या कपात राख, दोरीवरचे कपडे धुराच्या वासाचे. ती गॉस्पर्स माउंटनची आग त्याच जंगलात पेटलेली, पाच लाख हेक्टरच्या वर गेली. आई रोज फोन करून "खिडक्या लावून घे" म्हणायची. जानेवारीत बातमी आली, की विमानातून आग रोखणारं द्रव्य टाकून आणि हेलिकॉप्टरमधून दोरानं माणसं खाली सोडून, दरीत पाण्याच्या नळ्या टाकून ती झाडं वाचवली. मी बातमी वाचली, बरं झालं म्हटलं, आणि पुढे स्क्रोल केलं. त्या वेळी ते झाड माझं कुणी नव्हतं.

आता तो कचरा. आईचा त्या दिवशीचा एक फोटो आहे माझ्याकडे, मी घाईत काढलेला, तिचे डोळे मिटलेले म्हणून कुणाला पाठवला नव्हता. मध्यंतरी मोठा करून बघितला. डोळे मिटलेले नाहीत, ती खाली बघतेय. छत्रीच्या टोकाशी एक वाळलेली तांबूस डहाळी, दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखी पानं, अख्खी. सुटी पानं कुठंच नाहीत. आणि एकदम आमचं अंगण आठवलं. इतर झाडांची पानं गळतात, आमच्या झाडाच्या शेपट्या गळायच्या. हो, आम्ही शेपट्याच म्हणायचो, वाळलेल्या लांब लांब दोऱ्या, केरसुणीला अडकायच्या, नळीतून जायच्या नाहीत, बंबात टाकल्या की चरचर पेटायच्या. या घराची झाडं एकेक पान टाकत बसत नाहीत, अख्खी डहाळीच टाकतात. वॉलेमाय तेच करतं, शेवटाला शंकू आला की काम झालं, फांदी सगळी पानं घेऊन खाली. तीस वर्षं ज्या बाईनं त्या शेपट्या झाडल्या तिला जमिनीकडे बघून कळलं. मी पाटी वाचत होते. आणि त्या वेळी ती पाचोळा उकरताना काहीतरी पुटपुटली पण होती, ते मी ऐकलंच नाही, आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.

दक्षिणेचं पण कळलं. २०१७ मध्ये काही शास्त्रज्ञांनी पाच खंडांतले २५६ कुक पाइन मोजले. ही झाडं विषुववृत्ताकडे झुकतात, सरासरी साडेआठ अंश. उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. का, ते अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. आमच्या जवळच्या एका शाळेच्या आवारात एक आहे, मी रोज त्याच्यावरून ट्रेनला जाते, कधी मान वर केली नव्हती. उत्तरेला झुकलंय. म्हणजे सांगलीतलं इकडे झुकलंय आणि इथलं तिकडे. आजी म्हणायची त्याला तिकडंच जायचंय. फार हळवं व्हायला नको, विषुववृत्त मधे आहे, ती एकमेकांकडे बघत वगैरे नाहीत. पण १३ एक कोटी वर्षांपूर्वीपर्यंत आपली नि यांची जमीन एकच होती, नंतर आपण सुटून वर गेलो, वाटेत लाव्हाखाली बहुतेक महाराष्ट्र गाडला गेला. लाव्हा जिथं पोचला नाही तिथं, गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला, दगड झालेली खोडं अजून उघड्यावर आहेत. कधी जायचंय तिथं. आईला घेऊन.

परवा शेवटी व्हिडिओ कॉलवर सांगितलंच. म्हटलं, आई, ते माउंट टोमाचं झाड खरंच आपल्या झाडाच्या घरातलं निघालं गं. मी उगाच तुझ्यावर ओरडले.

"कुठलं झाड?"

"ते गं, काकवीच्या बुडबुड्यांचं."

"हां हां. मग? मी काय वेगळं सांगत होते?" आणि श्वास न घेता, "ते असू दे, माझी कुकरची शिट्टी तुझ्याकडे राहिलीय का बघ, पिवळ्या पिशवीत असेल. इथं नवीन घेतली ती बसतच नाही."

मी म्हटलं बघते. मग म्हटलं, जरा खिडकीतून झाड दाखव ना. ती उठली, गुडघा धरून, फोन एका हातात, चष्मा दुसऱ्या. आधी पंखा दिसला, मग पडदा, मग तिचा अंगठा, मग गज, आणि गजाच्या पलीकडे अण्णांची टाकी आणि आमचं झाड. बरंच वाकडं दिसत होतं. मी विचारलं, आई, आणखी झुकलं का गं? ती म्हणाली, "थांब, फोन सरळ धरते." आणि दुसरीकडून तिरका केला.